निकालाची नक्कल कुठे आहे?



मी वकील नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ‘शिक्षा लागल्यानंतर कैद्याला दाद कशी मागता येते’ या विषयावर बोला असं संयोजक म्हणाले, तेव्हा मी त्यांना वकिलाला बोलवायला सांगितलं. ते म्हणाले, वकील कलमं सांगतील, तुम्ही लोकांचे कागद बघता ना, ते सांगा. म्हणून उभा आहे. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी आणि माझे दोन-तीन मित्र वस्तीतल्या लोकांना त्यांच्या केसची माहिती काढून देतो. मोबाईलवर, फुकटात. तुमच्यापैकी कोणालाही जमेल असं काम आहे.

आपल्याकडे कोणाचा मुलगा आत गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘त्याने केलंय का?’ मशिदीबाहेर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या जेवणात, सगळीकडे हाच. मदत करणाऱ्या कमिट्याही हाच विचारतात. बॉम्बस्फोटाची केस असेल आणि पोरगा बेकसूर आहे अशी खात्री असेल तर वर्गणी निघते, मोठा वकील मिळतो, सभा होते. चोरी असेल, हाणामारी असेल, गांजा असेल, भावाभावांत जमिनीवरून झालेला खून असेल, तर सगळे गप्प. घरचेसुद्धा. मुलगा कुठे आहे विचारलं तर ‘गल्फला गेलाय’ सांगणारी घरं मला माहीत आहेत.

माझं म्हणणं असं आहे, की शिक्षा लागली त्या दिवशी हा प्रश्न बाजूला ठेवायचा. त्या दिवशी विचारायचं, निकालाची नक्कल मिळाली का? कोणत्या तारखेला?

कारण तारखेपासून दिवस मोजले जातात. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस. सत्र न्यायालयाने दिली तर उच्च न्यायालयात जायला साठ दिवस. फाशी असेल तर तीसच. नक्कल मिळवायला जे दिवस गेले ते यातून वजा होतात. उशीर झाला तर दार कायमचं बंद होत नाही, मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण मग उशीर का झाला ते पटवून द्यावं लागतं. तुरुंगातल्या माणसाला ते पटवून देणं किती अवघड आहे, त्याकडे मी येतोच.

एक खाला आमच्याकडे आल्या होत्या. हातात साडीच्या दुकानाची जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात चार वर्षांचे कागद. फिर्यादीची प्रत, चार्जशीट, जामीन नाकारल्याचा हुकूम, वकीलपत्राची झेरॉक्स, वकिलाला दिलेल्या पैशांचा हिशोब एका शाळेच्या वहीत. मुलाला सत्र न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिलेली. पिशवीत निकाल नव्हता. ‘वकीलसाहेब हायकोर्टात टाकणार आहेत,’ खाला म्हणाल्या. शिक्षा होऊन आठ महिने झाले होते.

प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा एक सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की खालच्या कोर्टात काय झालं ते दिसतं. तिथे निकालाची तारीख मिळाली. मग उच्च न्यायालयाच्या साइटवर मुलाच्या नावाने शोधलं. शेख तीन प्रकारे लिहून पाहिलं, मोहम्मद चार प्रकारे. काहीच नाही. अपील दाखलच झालेलं नव्हतं.

पुढच्या मुलाखतीला खालांनी मुलाला विचारलं. नक्कल त्याला मिळाली होती. पहिल्याच आठवड्यात, सही घेऊन. साठ-पासष्ट पानांचा इंग्रजी निकाल, आणि मुलगा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. त्याने तो घडी करून अंथरुणाखाली ठेवला. अम्मीने बाहेर वकील दिलाय, म्हणजे अपील झालं असणार, असा त्याचा हिशोब. इकडे अम्मीचा हिशोब असा, की तुरुंगातून कागद आपोआप वर जातात. वकील पुढच्या फीची वाट बघत होता. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत थांबतात आणि स्क्रीनवर काहीच चुकीचं दिसत नाही.

आम्ही खालांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात नेलं. विलंब माफीचा अर्ज झाला, तो मंजूर झाला, अपील दाखल करून घेतलं गेलं. अजून सुनावणी व्हायची आहे. त्या मुलाने गुन्हा केला होता का, हे मी खालांना एकदाही विचारलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, नक्कल फुकट मिळते, सही घेऊन मिळते, हे तर चांगलंच आहे. हो. पण हा नियम कोणामुळे आला ते ऐका. माझं म्हणणं त्यातच आहे.

माधव हयवदनराव होसकोट नावाचे एक गृहस्थ होते. एमएस्सी, पीएचडी, विद्यापीठात रीडर. त्यांच्यावरचा आरोप असा, की मुंबईत एका ब्लॉक बनवणाऱ्याकडे जाऊन त्यांनी कर्नाटक विद्यापीठाचा शिक्का करायला टाकला. हेतू बनावट पदव्यांचा. गुन्हा सिद्ध झाला. सत्र न्यायालयाने मात्र दया दाखवली आणि कोर्ट उठेपर्यंत कैद व दंड एवढीच शिक्षा दिली. सरकार वरच्या कोर्टात गेलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची सक्तमजुरी केली. त्याविरुद्ध होसकोट सर्वोच्च न्यायालयात पोचले ते चार वर्षांहून जास्त उशिराने. का? तर म्हणाले, मला निकालाची नक्कलच मिळाली नाही.

येरवडा कारागृहाच्या अधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. उच्च न्यायालयाकडून नक्कल आली होती. आमच्या क्लार्कने ती कैद्याला दिली होती. पण राज्यपालांकडे दयेचा अर्ज जाणार होता, त्याला जोडण्यासाठी ती परत घेतली. कैद्याची पोच? पोच नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तिथेच थांबलो होतो. अपील हा माणसाचा हक्क. दया ही सरकारची मर्जी. आणि हक्काचा कागद उचलून दयेच्या फायलीत लावला गेला. त्या क्लार्कच्या मनात काही काळंबेरं होतं असं मला वाटत नाही. कैद्याने मागायची ती माफी, अशी समजूत खोल बसलेली असते. आपल्या घरांतही तीच आहे. ‘हायकोर्टात दयेचा अर्ज केलाय’ असं किती लोक म्हणतात! उच्च न्यायालयात अपील करतात, दयेचा अर्ज राज्यपाल-राष्ट्रपतींकडे जातो. दोन्हींचे रस्ते वेगळे, अटी वेगळ्या.

१७ ऑगस्ट १९७८ ला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने निकाल दिला. कैदेची शिक्षा देणाऱ्या प्रत्येक कोर्टाने निकालाची नक्कल ताबडतोब, मोफत द्यायची. ती तुरुंगात पाठवली असेल तर तुरुंगाने ती कैद्याच्या हातात द्यायची आणि लेखी पोच घ्यायची. अपील करायचं असेल तर सोय करून द्यायची. वकील परवडत नसेल तर कोर्टाने वकील द्यायचा आणि त्याचे पैसे सरकारने भरायचे. खालांच्या मुलाने नक्कल घेताना जी सही केली, ती या निकालापर्यंत मागे जाते.

आणि होसकोट यांचं काय झालं? त्यांची याचिका फेटाळली गेली. शिक्षेत ढवळाढवळ करण्यासारखं कोर्टाला काही दिसलं नाही. म्हणजे बनावट शिक्क्याच्या केसमधला, दोषी ठरलेला आणि दोषीच राहिलेला माणूस. त्याच्यासाठी आपल्या कुठल्या कमिटीने वर्गणी काढली असती? मी स्वतः काढली नसती. पण आज हजारो कैद्यांना जो कागद मिळतो तो त्याने मागितला म्हणून.

ही एकच गोष्ट असती तर मी योगायोग म्हटलं असतं. दुसरी ऐका.

सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं की फेरविचार याचिका करता येते. ती पूर्वी फाशीच्या केसमध्येही न्यायाधीशांच्या दालनात फक्त कागद फिरवून निकाली निघायची. वकील बोलणार नाही, सुनावणी नाही. २००० सालच्या लाल किल्ला हल्ल्यात फाशी झालेल्या मोहम्मद आरिफने याला आव्हान दिलं. त्याच्याबरोबर आणखी काही कैद्यांच्या याचिका एकत्र ऐकल्या गेल्या. त्यांत याकूब मेमनचीही होती. २ सप्टेंबर २०१४ ला घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या केसमधला फेरविचार खुल्या कोर्टात, तीन न्यायाधीशांसमोर, तोंडी सुनावणी घेऊन व्हायला हवा. अर्धा तास का होईना.

याकूबला ती सुनावणी मिळाली, याचिका फेटाळली गेली, आणि ३० जुलै २०१५ ला नागपूरच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. आरिफची फेरविचार याचिका नोव्हेंबर २०२२ मध्ये फेटाळली गेली. या दोघांच्या गुन्ह्यांबद्दल मला आज बोलायचं नाही. ज्यांची माणसं गेली त्यांचं दुःख मोठं आहे आणि ते कोणत्याही कलमाने भरून येत नाही. पण त्यांनी ठोठावलेल्या दारातून आत कोण गेलं, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

२००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून, बलात्कार, भयंकर प्रकार. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी. फेरविचारही कागदावरच फेटाळला. सगळं संपलं होतं.

मग २०१४ चा तो निकाल आला. त्याच्या आधारावर या सहा जणांचा फेरविचार पुन्हा उघडला गेला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच २००९ चा निकाल मागे घेतला, अपिलं परत ऐकली, आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेनंतर लगेचच, पोलिसांच्या अल्बममधले फोटो दाखवल्यावर, वाचलेल्या साक्षीदाराने वेगळ्याच चार माणसांना ओळखलं होतं. ते कागद केसमध्येच होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. कोर्टाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि तपास करणाऱ्या दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचं बघायला सांगितलं. सोळा वर्षं. त्यातली बरीचशी फाशीच्या सावलीत.

आता ही साखळी नीट बघा. लाल किल्ल्याच्या केसमधला कैदी, मुंबई स्फोटांच्या केसमधला कैदी, आणि त्यांच्यामुळे जिवंत राहिलेले महाराष्ट्रातले सहा भटके मजूर. या सहांपैकी एकही मुसलमान नाही. आरिफ आणि याकूब यांच्यासाठी मेणबत्ती घेऊन उभं राहा असं मी सांगत नाही. मी एवढंच म्हणतो, की कोणाचं अपील ‘आपलं’ आणि कोणाचं नाही, हे आधी ठरवता येत नाही. कायद्यातलं दार एकदा उघडलं की त्यातून कोण जाईल याची यादी दारावर नसते.

‘बेकसूर’ या शब्दाचा मला आणखी एक त्रास होतो. अपील फक्त बेकसूर माणसाचं असतं असा त्यातून समज होतो. गुन्हा झाला, पण लावलं ते कलम चुकीचं, हे अपिलात सांगता येतं. शिक्षा जास्त झाली, हे सांगता येतं. दोन शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, यावर कित्येक वर्षांचा फरक पडतो. खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा व्हायला हवेत, ते झाले का, हे तर साधी बेरीज-वजाबाकी येणारा माणूस तपासू शकतो. आणि वय.

वयाची गोष्ट सांगतो. १९९४ मध्ये पुण्यात एका घरात पाच बायका आणि दोन मुलांचा खून झाला. त्या केसमध्ये राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातला एक मुलगा पकडला गेला. सज्ञान म्हणून खटला चालला, फाशी झाली, उच्च न्यायालयाने कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कायम केली. खूप वर्षांनी त्याने अर्ज केला की घटनेच्या वेळी मी लहान होतो. गावच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याची जन्मतारीख होती. अडचण अशी, की रजिस्टरमधलं नाव वेगळं आणि कोर्टाच्या कागदांवरचं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करून घेतली. दोन्ही नावं एकाच माणसाची निघाली. घटनेच्या दिवशी त्याचं वय साडेबारा वर्षं होतं. २७ मार्च २०२३ ला कोर्टाने त्याला सोडायचा आदेश दिला. अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तो आत होता. बालन्याय कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षं झाली असती. आपण लहान होतो, हा मुद्दा केसच्या कोणत्याही टप्प्यावर, शेवटचा निकाल लागल्यावरसुद्धा मांडता येतो. हे फार कमी लोकांना माहीत आहे.

नावाचा हा घोळ आपल्याइतका कोणाला कळणार? माझ्या स्वतःच्या घरात अब्बांचं आडनाव रेशन कार्डावर एक, आधारवर दुसरं आणि माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर तिसरं आहे. डेटाबेसला ती तीन माणसं वाटतात. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतो, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड त्या यादीत नाही. म्हणून मुलाने शाळा सोडली तरी दाखला काढून ठेवा. उर्दू शाळांचं जुनं रजिस्टर कुठे गेलं, शाळा बंद पडली तर ते कोणाकडे आहे, हे वस्तीतल्या कोणीतरी माहीत करून ठेवा.

आता त्या केसबद्दल, जी तुमच्या सगळ्यांच्या मनात आहे. ११ जुलै २००६, मुंबईच्या लोकलमधले स्फोट. १८९ माणसं गेली, आठशेहून जास्त जखमी झाली. २०१५ मध्ये मकोका न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. एकाला सोडलं. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. या निकालाचा दाखला दुसऱ्या केसमध्ये देता येणार नाही, असा आदेश तीन दिवसांत आला, पण सुटलेल्यांना परत आत जावं लागलं नाही.

यावर आपल्या लोकांनी भरपूर लिहिलं, मीही वाचलं. माझं लक्ष मधल्या दहा वर्षांवर जातं. सप्टेंबर २०१५ ते जुलै २०२५. या केसमध्ये जमियत उलमाने वकील दिले होते, पुढे देशातले मोठे वकील उभे राहिले, वर्तमानपत्रांचं लक्ष होतं. फाशी असल्यामुळे उच्च न्यायालयाने शिक्षा तपासणं बंधनकारकच होतं. तरी रोज सुनावणी घेणारं विशेष खंडपीठ बसायला २०२४ उजाडलं. बारांपैकी एक जण २०२१ मध्ये कोविडमध्ये नागपूरच्या तुरुंगातच वारला. त्याला निर्दोष ठरवलेलं त्याने ऐकलं नाही. आणि ज्यांची माणसं त्या डब्यांमध्ये गेली, त्यांनाही एकोणीस वर्षांनी उत्तर नाही.

इतक्या मोठ्या केसमध्ये दहा वर्षं, तर खालांच्या मुलाचं काय? सात वर्षांची शिक्षा आणि अपील ऐकायला आठ वर्षं, असं होऊ शकतं. म्हणून अपिलाबरोबर दुसरा कागद लगेच द्यायचा असतो, शिक्षा स्थगित करून जामीन द्या, हा अर्ज. १९७७ च्या कश्मीरा सिंग केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की वाजवी वेळात अपील ऐकता येत नसेल तर, तसंच ठोस कारण नसल्यास, माणसाला जामिनावर सोडायला हवं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ४३० आहे, जुन्या संहितेत ३८९ होतं. आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, खटल्यात माणूस जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच त्याच दिवशी अपिलापुरता जामीन देऊ शकतं. तो त्याच दिवशी मागावा लागतो. घरचे रडत कोर्टाच्या जिन्यावर बसलेले असतात आणि संध्याकाळी गाडी तुरुंगाकडे निघून जाते. त्या दिवशी तिथे एक शांत डोक्याचा माणूस हवा. तो तुम्ही होऊ शकता.

वकीलच नसेल तर? जेल अपील. कलम ४२४. कैद्याने अर्ज आणि निकालाची नक्कल तुरुंग अधीक्षकाकडे द्यायची, त्यांनी ती वरच्या कोर्टात पाठवायची. एका पानाचा अर्जही चालतो. नंतर वकिलामार्फत नीट अपील आलं आणि ते विचारात न घेताच जेल अपील थोडक्यात फेटाळलं गेलं असेल, तर न्यायासाठी गरज वाटल्यास कोर्ट ते दुसरं अपील ऐकू शकतं. एक सावधगिरी मात्र आधीची आहे. ‘गुन्हा कबूल कर, लवकर सुटशील’ असं सांगणारे कोर्टाच्या आवारात भरपूर भेटतात. कबुलीवर शिक्षा झाली की अपिलात फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढंच बोलता येतं. दोषी नाही, हे बोलायची वाट बंद होते.

फुकट वकिलाबद्दल आपल्याकडे फार वाईट बोललं जातं. ‘फुकटचा वकील म्हणजे फुकटचं काम.’ मला दोन्ही प्रकारचे भेटले. एकाने फाईल उघडलीच नव्हती, आणि एका तरुण वकीलबाईंनी खालांच्या मुलाचा विलंबाचा अर्ज इतका नेटका लिहिला की पैसे घेणाऱ्याने लिहिला नसता. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात, कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० हा फोन नंबर लिहून घ्या. वकील काम करत नसेल तर बदलून मागता येतो, लेखी.

भाषेचंही बोलतो, कारण ती आपल्याकडे भरपूर आहे. कैद्याला निकालाचं भाषांतर मागता येतं. शक्य असल्यास त्याच्या भाषेत, नाहीतर कोर्टाच्या भाषेत. संहितेत तसं लिहिलंय, कलम ४०४. मागणारे कमी, म्हणून देणारे कमी. पण तुमच्यापैकी निम्म्या जणांना उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही येतात. साठ पानांचा इंग्रजी निकाल वाचून दोन पानांत सोप्या उर्दूत ‘कोर्टाने तुझ्याविरुद्ध काय धरलं आणि कोणत्या साक्षीवर धरलं’ हे लिहून देणं हे एका रविवारचं काम आहे. ते वाचून तुरुंगातला माणूस सांगतो, ‘हा साक्षीदार तर त्या दिवशी गावातच नव्हता.’ अपिलाचा मुद्दा कधी कधी असा निघतो. वकिलाला तो सापडला नसता.

आमच्यासारख्यांना कुठलाही प्रश्न दिसला की ॲप सुचतं. मलाही सुचलं होतं. मित्राने विचारलं, खाला ते डाउनलोड करणार आहेत का? मग साधा तक्ता केला, चार रकाने. निकालाची तारीख, नक्कल हातात आल्याची तारीख, अपिलाची शेवटची तारीख, आणि पाठपुरावा कोण करतंय त्याचं नाव. चौथा रकाना रिकामा राहिला की बाकी तीन भरून उपयोग होत नाही, हा आमचा अनुभव आहे. ‘गुन्हा केला का’ असा रकाना ठेवलेला नाही.

विधी सेवा प्राधिकरण पॅरालीगल व्हॉलंटियर नेमतं, वकील असण्याची अट नाही. तुमच्या जिल्ह्याच्या कोर्टात कार्यालय आहे, तिथे अर्जाबद्दल विचारा. मुलींनीही विचारा. तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या रांगेत ज्या बायका उभ्या असतात त्या मला कागद दाखवत नाहीत, माझ्या बहिणीला दाखवतात.

काही जणांनी आज घरचे कागद आणले आहेत असं संयोजक म्हणाले. चहानंतर मी आणि दोघं मित्र मागच्या खोलीत बसतो आहोत. सीएनआर नंबर शोधून ठेवा, आणि निकाल असेल तर तो सगळ्यात वर ठेवा.

आता प्रश्न विचारा.